बसण्याचा उतारा

जातिवंत मांजराचं पिल्लू पाळायचं असेल, तर अर्जदाराच्या घराण्यात किमान तीन पिढ्यांचं बसणं असावं लागतं, हा नियम इंदुमती खरमाटे यांना निवृत्त झाल्यावर कळला. नियम जुना आहे आणि त्यात गैर काही नाही. मांजर आयुष्यातला बराच काळ कुणाच्या तरी मांडीवर काढतं. ती मांडी कुठल्या घराण्यातून आली आहे, हे त्यानं आधी पाहून घेतलेलं बरं.

इंदुमतीबाईंनी तासगाव आगारात सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली. कंडक्टरला गाडीत स्वतःची जागा असते. ती त्यांनी कधी पोटुशा बाईला दिली, कधी म्हाताऱ्या माणसाला, आणि ही दोन्ही नसली तर कुणाच्या तरी पिशवीला. नोकरीच्या सहाव्या वर्षी सांगलीच्या गाडीत एक बाई टोपलीतून पांढरं, लांब केसांचं मांजर घेऊन चढली. मांजराला तिकीट लागतं की नाही, यावर इंदुमतीबाई विचार करू लागल्या आणि तो विचार अर्धवटच राहिला, कारण मांजर झोपलं होतं. ओढ्याच्या वळणावर गाडी अशी आदळली की मागच्या बाकावरची माणसं छताला लागून खाली आली. मांजराची मिशीही हलली नाही. इतकं मन लावून काही करणारं कुणी इंदुमतीबाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. दांड्याला धरून उभ्या उभ्याच त्यांनी ठरवलं, की निवृत्त झाल्यावर असं एक मांजर आणायचं. पुढची वीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दरम्यान नवरा गेला, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, आणि घरात बोलायला भिंती उरल्या.

निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आधी सांगलीला प्राण्यांच्या निवाऱ्यात गेल्या. तिथे नियम जरा सैल आहे, दोन पिढ्यांचं बसणं चालतं. जाळीपलीकडून एका तांबूस बोक्यानं त्यांना खालून वर न्याहाळलं, त्यांच्या पोटऱ्यांवर उगवलेल्या शिरांपाशी त्याची नजर थांबली आणि तो पाठ करून बसला. निवाऱ्यातल्या बाईंनी वहीत 'नापसंत' असं लिहिलं आणि चहा विचारला.

मग त्या कवलापूरला दिनकर मगदूम यांच्याकडे गेल्या. मगदूमांच्या घरी तीन पिढ्यांपासून पर्शियन मांजरांची पैदास होते आणि पिल्लांशी ते स्वतः अहो-जाहो करतात. त्या वेळी पाच पिल्लं होती. रीत अशी, की अर्जदारानं अंगणात उभं राहायचं आणि पिल्लांनी ओट्यावरून पाहायचं. चार पिल्लांनी एकदा पाहून जांभई दिली. तीन नंबरची राखाडी पिल्ली मात्र इंदुमतीबाईंकडे दहा मिनिटं पाहत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही. आगारातल्या तपासनीसांच्या नजरेला इंदुमतीबाई कधी बिचकल्या नव्हत्या, पण या नजरेपुढे त्यांनी नकळत साडीचा पदर सारखा केला.

"त्या बघायला येतील," मगदूम हलक्या आवाजात म्हणाले. "बेस्तरवारी. सव्वाअकराच्या एसटीनं. बसण्याचा उतारा तेवढा काढून ठेवा."

"आणि त्यांना न्हाई पटलं तर?"

"तर शुक्रवारी कोल्हापूरला जातील. तिथं एक घराणं हाय, पाच पिढ्या ओसरीवर बसून हायेत. कुणी उठलेलं न्हाई."

नापसंतीचा दुसरा शेरा पडला की अर्जदाराचं नाव कायमचं निघतं, हेही त्यांनी सांगितलं. इंदुमतीबाईंचा एक शेरा सांगलीत पडून झाला होता.

बसण्याचा उतारा तलाठ्याकडे मिळतो. गावातला कोण माणूस जन्मापासून किती बसला, याची नोंद तिथल्या दप्तरात असते. अर्जदार बाई असेल तर आईकडून पिढ्या धरतात. तलाठी भाऊसाहेब तरुण होते, पण कामाला चोख. त्यांनी दप्तर उघडलं आणि बोट खाली खाली नेलं.

"तुमची आजी निरंक आहे," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"बसलेल्याच नाहीत."

"असं कसं? भाकऱ्या बसूनच थापायची की. जात्यावर बसायची."

"हातात काम असलं की ते बसण्यात धरत नाहीत."

"फोटो हाय माझ्याकडं. खुर्चीत बसलीय."

"ते टेकणं. टेकण्याचा रकाना वेगळा आहे, आणि तो या कामाला चालत नाही." भाऊसाहेबांनी पान उलटलं. "आई. एकूण बसणं दोन तास चाळीस मिनिटं. त्यातला दीड तास स्वतःच्या लग्नात."

"आणि बाकीचा?"

"तुमच्या लग्नात."

'बसते गं आता' हे आईचं पालुपद होतं. ते म्हणत ती या खोलीतून त्या खोलीत जायची, आणि लहानपणी इंदुमतीबाईंना वाटायचं की ती खरंच कुठेतरी बसत असेल, आपण पाहत नसताना.

"तुमचे स्वतःचे तीन तास आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "सगळे एका दुपारचे. घाटात गाडी बंद पडली होती, प्रवासी दुसऱ्या गाडीनं गेले, तुम्ही मागे राहिलात. मुळात चार होते, पण पहिला तासभर तिकिटांचा ट्रे मांडीवर होता. तो वजा केलाय."

ती दुपार इंदुमतीबाईंना आठवली. समोर करवंदीच्या जाळ्या होत्या. दुपार फार चांगली गेली होती, आणि घरी आल्यावर त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

उतारा पदराखाली धरून त्या घरी आल्या आणि शेजारी पेंडसेकाकांकडे गेल्या. अनंत पेंडसे यांच्या घराण्यात बसणं चार पिढ्या न तुटता चालत आलेलं. पणजोबांनी घेतलेल्या एकाच आरामखुर्चीत चौघं ओळीनं बसले होते आणि खुर्चीच्या वेतात चौघांचा मिळून एक खळगा पडला होता. गावात त्या खळग्याला मान होता. काकांचं बसणं पाहून पोस्टमन सायकलवरून उतरत असे.

"खुर्ची घेऊन जा," काका बसल्या बसल्या म्हणाले. "आजोबांची तसबीरही न्या, शोभेल. त्यात तेही बसलेलेच आहेत. एक दिवस मी कॉटवर काढीन."

"काका, तुम्हाला उठावं लागेल की."

काकांनी यावर बराच वेळ विचार केला. "लागेल," ते म्हणाले आणि उठले. इंदुमतीबाईंना भरून आलं.

यात इंदुमतीबाईंनी फसवाफसवी केली असं कुणी म्हणू नये. पाहुणे घर बघायला येणार म्हटल्यावर शेजारून कपबशा आणायच्या, सोफ्याचे अभ्रे आणायचे, ही आपल्याकडची रीतच आहे. पाहुणेही त्यांच्या गावी तेच करून आलेले असतात. चूक झाली ती एवढीच, की ही रीत मांजरांत नाही.

गुरुवारी सव्वाअकराची एसटी अकरा वीसला आली. मगदूम टोपली छातीशी धरून उतरले. घरात शिरल्यावर त्यांनी टोपली जमिनीवर ठेवली, झाकण काढलं आणि काखेतलं रजिस्टर उघडून भिंतीलगत उभे राहिले. पिल्ली बाहेर आली. बारा आठवड्यांचं वय, मुठीत मावेल एवढं अंग, पण चालणं असं की इंदुमतीबाई आपोआप बाजूला सरकल्या. तिनं उंबरा पाहिला. खिडकीचं ऊन कुठपर्यंत येतं ते त्यात उभं राहून पाहिलं. मग ती आरामखुर्चीवर चढली, खळग्यात उतरली, गोल फिरली आणि नाक लावून एक एक वेत हुंगू लागली. असं काम करणारं माणूस आगारात एक जरी असतं तरी आगार सुधारलं असतं, असं इंदुमतीबाईंना वाटलं. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, तरी कौतुक वाटायचं काही थांबेना.

पिल्ली खाली उतरली आणि मगदूमांकडे पाहून तिनं एकदा डोळे मिटले.

"ही बैठक तुमची न्हाई," मगदूम म्हणाले. "हितं चार माणसं बसून गेलीत. चारी पुरुष. बैठक उत्तम हाय, असंही त्या म्हणतात."

इंदुमतीबाईंनी पदराखालून उतारा काढून दिला. मगदूमांनी तो वाचला, खाली वाकून पिल्लीसमोर धरला, मग घडी घालून परत केला. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

"आजी निरंक," ते म्हणाले.

"व्हय."

"मग आमची बारा दहाची एसटी हाय."

"चहा तरी घ्या. आणि त्यांना दूध," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं, साणशी हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. रडायला येत होतं, पण ते त्यांनी एसटी जाईपर्यंत लांबणीवर टाकलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "माझ्या पिढ्या तर बघून झाल्या. त्यांच्या कुठल्या, ते ऐकायला मिळंल का?"

मगदूम चपापले. "नियमात हाय खरं. उभय बाजूंनी. पण आजवर कुणी विचारलं न्हाई." त्यांनी रजिस्टरची मागची पानं काढली. "ऐकणाऱ्यानं बसून ऐकायचं असतं, बाई."

"दूध ठेवलंय."

"असू दे. बसा. खाली बसलात तरी चालंल."

इंदुमतीबाई चौकटीशेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसल्या.

"साणशी," मगदूम म्हणाले.

त्यांनी साणशी बाजूला ठेवली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते जमिनीवर ठेवून दिले.

मगदूम उभ्यानं वाचू लागले. तीन नंबरच्या पिल्लीची आई, राखाडी, कोल्हापूरच्या एका वकिलांच्या टेबलावर अकरा वर्षं. आजी, पांढरी, सांगलीत एका तबलजींच्या मांडीवर, तबला वाजत असतानाही. पणजी मिरजेच्या दवाखान्यात वजनकाट्यावर, डॉक्टर निवृत्त होईपर्यंत. मगदूमांचा आवाज एरवी बेताचा, पण नावागणिक तो भारदस्त होत गेला आणि प्रत्येक नावाला इंदुमतीबाईंनी मान डोलावली. ही मांजरं काय ताकदीची होती. सातवी पिढी झाली, आठवी झाली. मागे गॅसवर दुधाच्या कडेला बारीक चरचर सुरू झाली. तो आवाज सगळ्या बायकांना पाठ असली तरी ऐकू येतो, तसा त्यांनाही आला.

"नववी," मगदूमांनी वाचलं आणि ते जरा थांबले. हे पान त्यांनी स्वतःही बऱ्याच वर्षांत काढलं नसावं. "नाव न्हाई. रंग काळापांढरा. भटकी. बाजारात हमालांच्या पायांतनं फिरताना आढळली. आई-बाप माहीत न्हाईत. मागच्या पिढ्यांचं बसणं, निरंक." त्यांनी बोटानं ओळ धरली. "एके दिवशी दुपारी हळदीच्या पोत्यावर बसली. हितनं पुढं घराणं सुरू."

दूध वर येऊ लागलं. इंदुमतीबाईंचे हात जमिनीवरून उचलले गेले, गुडघे जवळ आले, आणि त्याच वेळी पिल्ली खोली ओलांडून आली, त्यांच्या मांडीवर चढली, एकदा गोल फिरली आणि बसली.

वजन काहीच नव्हतं. भाजीच्या जुडीएवढंसुद्धा नाही. इंदुमतीबाईंनी पिल्लीकडे पाहिलं. पिल्ली त्यांच्याकडे पाहत नव्हती, तिनं डोळे मिटले होते. मागे दूध पातेल्याच्या काठाशी आलं. त्यांच्या घराण्यात आजवर दूध उतू गेलं नव्हतं. आजीचं नाही, आईचं नाही, त्यांचं स्वतःचं तर एकदाही नाही.

"बसते गं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

दूध उतू गेलं. शेगडीवर, ओट्यावर, ओट्यावरून खाली. करपल्याचा वास घरभर सुटला. इंदुमतीबाई हलल्या नाहीत. मगदूम घाईनं आत गेले, त्यांनी गॅस बंद केला, फडकं शोधून ओटा पुसला आणि हात धोतराला कोरडे करत बाहेर आले. मग मनगटावरचं घड्याळ पाहून त्यांनी उभ्यानंच नोंद केली, आणि ती वाचून दाखवली.

"पसंत. खरमाटे घराणं, पिढी पहिली. अकरा छप्पनपासून."

"चहा राहिला की तुमचा," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"राहू दे. उठू नका." त्यांनी रिकामी टोपली उचलली, पिल्लीला वाकून नमस्कार केला, आणि क्षणभर थांबून इंदुमतीबाईंनाही केला. दार त्यांनी हळू ओढून घेतलं. बारा दहाची एसटी बारा पंधराला गेली. गिअर टाकायला ड्रायव्हर उशीर करतो आहे, हे इंदुमतीबाईंना बसल्या जागी कळलं, पण त्यांनी ते सोडून दिलं.

चार वाजता पेंडसेकाका खुर्ची न्यायला आले. इंदुमतीबाई भिंतीला टेकून जमिनीवर होत्या. ऊन खिडकीतून त्यांच्या पावलांपर्यंत आलं होतं. काका दारात उभे राहून त्यांचं बसणं पाहू लागले. पाठ, खांदे, हात, सगळं त्यांनी जाणत्या नजरेनं तपासलं.

"पहिल्याच दिवशी," ते अखेर म्हणाले. "आमच्या पणजोबांना असं जमायला दोन वर्षं लागली होती."

मग त्यांनी आवाज न करता तसबीर काखेत घेतली, खुर्ची स्वतः उचलली आणि मोठ्या कष्टानं घरी नेली.

संध्याकाळी तलाठी भाऊसाहेबांनी कार्यालय बंद करण्यापूर्वी दप्तर पाहिलं. खरमाट्यांच्या पानावर नवीन ओळ आली होती. सुरुवातीची वेळ होती, हातांच्या रकान्यात 'रिकामे' होतं, आणि शेवटच्या वेळेच्या जागी काही नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी तिथे पेन्सिलीनं 'चालू' असं लिहिलं आणि दिवा मालवला.