न आरवणाऱ्या कोंबड्याचा शास्त्रीय खुलासा

नराची वाढ त्याच्या रक्तात काय फिरतं एवढ्यावर ठरत नाही. फिरणाऱ्याला दार उघडणारं कुणी आहे का, यावर ठरते. फिरतं ते संप्रेरक, म्हणजे हार्मोन. दार उघडतो तो पेशीतला ग्राही, म्हणजे रिसेप्टर. आणि ग्राही किती बनवायचे ते ठरवतं एक जनुक. ते गप्प बसलं, तर संप्रेरकाने कितीही कड्या वाजवल्या तरी कोंबड्याची वृषणं वाढत नाहीत, तुरा फुलत नाही आणि तो आरवत नाही. हे मी कुणालाही न विचारता सांगते. (दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितलं.)

शाळेतून एकच प्रकल्प शहराच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होता. तो माझाच असेल, हे मी वर्गात जाहीर करून बसले होते. त्यामुळे माघारीची सोय उरली नव्हती. मी दोन पिल्लं आणली आणि त्यांची नावं ठेवली सेनापती आणि तत्त्वज्ञ. विकणाऱ्याने दोन्ही नर म्हणूनच दिली होती. खुराडं एक, खाणं एक, वयही एक. मोठा झाल्यावर सेनापती पहाटे अख्खी गल्ली उठवू लागला. तत्त्वज्ञाचा मात्र तुरा एवढासा, आवाज नाही, दिवसभर कोपऱ्यात बसून विचार.

सामान्य माणूस इथे गोंधळला असता. मी नाही. तत्त्वज्ञाचं ग्राही-जनुक गप्प होतं! सेनापती ९२ टक्के, तत्त्वज्ञ ४ टक्के, असा रंगीत आलेख मी काढला. (जनुकाचं काम मोजायला प्रयोगशाळा लागते. माझ्याकडे स्केचपेनं होती.)

"अगं, जरा नीट बघ त्याच्याकडे," आई म्हणाली. "मला तर तो..."

"आई, ग्राही म्हणजे काय, माहितीये तुला?"

"नाही गं बाई."

"मग?"

आई कपडे वाळत घालायला गेली. वाद शास्त्रीय पद्धतीने मिटला.

शाळेतल्या निवडीच्या प्रदर्शनात परीक्षक माझ्या टेबलापाशी आले. मी श्वास न घेता बोलले. ते ४ टक्क्यांपाशी मान डोलावत असतानाच तत्त्वज्ञाच्या पिंजऱ्यातून जोरदार कलकलाट झाला आणि गवतावर एक अंडं दिसलं. ताजं.

परीक्षकांनी चष्मा पुसला.

"विलक्षण! ग्राही इतके कमी, की नर थेट अंड्यापर्यंत पोचला! हा प्रकल्प शहरात जायलाच हवा."

मला फक्त हो म्हणायचं होतं. आई दारातून बघत होती. मी 'हो'साठी तोंड उघडलं आणि...

"सर, ही कोंबडी आहे."

"मग आलेखाचं काय?"

"सुंदर आहे, सर. खरा नाहीये."

परीक्षकांना वाईट वाटलं. 'स्वतःच्या सिद्धान्तावर विश्वास कमी', असा शेरा देऊन त्यांनी गुण कापले. शहरात साबणाच्या फेसाचा ज्वालामुखी गेला.

संध्याकाळपर्यंत कळलं, की हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. विज्ञानाच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात शंका आली होती. माझा आलेख वहीत उतरवून घेणाऱ्या मैत्रिणींनाही. परीक्षकांनाही, म्हणे. आधीपासून ठाऊक असलेले : शंभर टक्के. अंडं पडण्यापूर्वी बोललेली : एकटी आई, तीही अर्धंच वाक्य.

आणि तुम्हाला? 'तुरा एवढासा' इथेच कळलं होतं ना? वाटलंच मला. तरी ४ टक्क्यांपाशी मान डोलावलीतच.