ही चक्कर कोणाची?

कॅप्टन शालिग्राम भामरे त्या शनिवारी डॉक्टरकडे गेला तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं. सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली. माणसानं बरं नसताना डॉक्टरकडे जावं. धडधाकट असताना गेलं की काहीतरी निघतंच.

ही गोष्ट पंचाण्णव सालची, दिवाळी तोंडावर आलेली. शालिग्राम हजीऱ्याच्या एका कारखान्याचं चिमुकलं विमान उडवायचा. सुरतेहून साहेब लोकांना मुंबईला न्यायचं आणि परत आणायचं. (साहेब वाटभर झोपायचे, आणि शालिग्राम घरी येऊन ढगांची वर्णनं सांगायचा.) सोमवारी मुंबईला त्याची वर्षाची वैद्यकीय तपासणी होती. पास झाला तर लायसन्स चालू, नाहीतर घरी बसून मेथी निवडा! त्यात या वर्षी तपासणीला नवे डॉक्टर आलेले. त्यांनी फर्मान काढलं, की घरच्या डॉक्टरांकडचे जुने कागद घेऊन या.

बडोद्याच्या एका कॅप्टनच्या फायलीत भलत्याच माणसाच्या हृदयाचा आलेख निघाला होता, आणि तो बिचारा अख्खा पावसाळा जमिनीवर बसून होता. तेव्हा आपले कागद आधी आपण नजरेखालून घालावेत, असं शालिग्रामच्या मनानं घेतलं आणि तो स्कूटरवर टांग टाकून पर्वत पाटियाला डॉक्टर मगनभाईंच्या दवाखान्यात पोचला.

मगनभाईंनी कपाटातून एक कार्ड काढलं. कार्ड कसलं, दोऱ्यानं शिवलेला गठ्ठाच तो. वर नाव : शालिग्राम भामरे.

शालिग्रामनं पहिलं पान उघडलं. ‘तंबाखू बंद करावी.’ तो तंबाखू खात नव्हता. पुढे ‘साखर वाढली.’ पुढे ‘बाळंतपण सुखरूप, मुलगी झाली.’ इथं त्याला घाम फुटला. पान उलटलं तर ‘हृदयविकाराचा तीव्र झटका. मृत्यू.’ आणि लगेच खालच्या ओळीत : ‘मानेवर गळू. मलम दिलं.’

“डॉक्टर,” तो कसाबसा म्हणाला, “मी मेलोय?”

“अरे ना ना! ते तुमचे पप्पा.”

“आणि मेल्यावर गळू झालं?”

“ते धर्मेंद्रला.”

“पण हे सगळं माझ्या नावावर कसं?”

“अरे केप्टन, आ तो घरनुं कार्ड छे!” मगनभाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. “घर एक, कार्ड एक. पप्पा गेले, मोटा दीकरा, थोरले तुम्ही, म्हणून नाव तुमचं टाकलं. लाइटबिलावर नाही टाकत?”

टाकलं होतं. स्वतः रांगेत उभं राहून टाकलं होतं. पण मुंबईच्या डॉक्टरांपुढे हा गठ्ठा गेला, की विमान राहिलं बाजूला, सायकलचंही लायसन्स मिळायचं नाही!

“फाडून टाकायचं का?” त्यानं हळूच विचारलं.

“फाडलं तर म्हणतील, लपवलं. एक काम करा. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन या. ज्याचा रोग त्याच्या कार्डावर चढवू, मी सही-शिक्का मारून पत्र देतो.”

संध्याकाळी भामरे कुटुंब दवाखान्यात हजर झालं. आई कलाबाई, बायको तारा आणि साडीच्या दुकानातून ओढून आणलेला धाकटा भाऊ धर्मेंद्र. बाकावर बसलेल्या पेशंटांना आपापली दुखणी विसरायला झालं. मगनभाईंनी कोरी कार्डं मांडली आणि वाचायला सुरुवात केली.

“तंबाखू. कोण?”

सगळ्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रनं आईकडे पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, तुझ्याच नावावर राहू दे ना. तुला काय फरक पडतो?”

“अरे, लायसन्स जाईल माझं!”

“आणि माझी पाठ जाईल!”

शेवटी तंबाखू धर्मेंद्रच्या कार्डावर चढली आणि कलाबाईंचा हात धर्मेंद्रच्या पाठीवर. मग निघाली साखर.

“माले काही शुगर-बिगर नई शे,” कलाबाईंनी साफ सांगितलं. “ती तुना बापनी व्हती.”

“आई, बाबा गेल्यानंतरही साखर वाढलेलीच आहे.”

“मंग मगनभाईनं चुकाडं व्हई!”

खरी अडचण पुरणपोळीची होती. साखर एकदा नावावर चढली की दिवाळीत पोळी बंद. शालिग्रामनं दिवाळीपुरती दोन पोळ्यांची सूट कबूल केली, तेव्हा म्हातारीनं साखर पदरात घेतली. ‘वजन कमी करावे’ या ओळीवर तारा म्हणाली, “ते तुमचं असेल हो.” शालिग्रामनं वाद घातला नाही. निमूटपणे काट्यावर उभा राहून दाखवलं. (वजन दोघांचंही निघालं, पण ते सोडा.)

हळूहळू गठ्ठा रिकामा झाला. शालिग्रामच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मगनभाईंनी शेवटची ओळ वाचली.

“उंचावर चढताच चक्कर. डोळ्यांपुढे अंधारी. दर वर्षी.”

दुसरं काहीही चाललं असतं, पण उंचावर चक्कर म्हणजे वैमानिकाच्या पोटावर पायच.

“ही चक्कर कोणाची?” त्यानं विचारलं. “धर्मेंद्र?”

“मी तळमजल्यावर काम करतो, भाऊ.”

“आई?”

“माले चक्कर तुम्हीन पोऱ्यास्नी लई आनी, पन खालेच!”

बाकावरचा एक म्हातारा पेशंट उशीर होतोय म्हणून कंटाळून म्हणाला, “भाई, बहु मोडुं थाय छे. मारा नामे लखी नाखो ने!”

चक्कर म्हाताऱ्याच्या नावावर लिहून टाकायचा मोह झाला शालिग्रामला, खोटं कशाला बोला. पण तेवढ्यात तारा म्हणाली, “अहो, ती चक्कर तुमचीच आहे.”

“माझी?”

“दर दिवाळीला माळा साफ करायला शिडीवर पाय ठेवलात, की तुम्हाला गरगरतं ना? मला किती काळजी वाटायची! मीच डॉक्टरांना येऊन सांगितलं. ते म्हणाले, वर चढू देऊ नका. म्हणून दर वर्षी मी चढते. राणीच्या वेळी पोटुशी होते, तेव्हासुद्धा चढले.”

एका बाजूला लायसन्स आणि दुसऱ्या बाजूला तारा, तीही इतक्या मायेनं बघणारी. शालिग्रामला धरणी दुभंगावी असं वाटलं. दुभंगली नाही.

“मला चक्कर येत नाही,” तो पुटपुटला. “कधीच आली नाही.”

“मग?”

“माळा साफ करायचा कंटाळा यायचा.”

“आग लागो तुन्हा कंटाळाले!” कलाबाई कडाडल्या. “मी म्हातारी दरसाल शिडी धरू, आनि हाऊ सोंग करे!”

तारानं डॉक्टरांकडे वळून सांगितलं, “लिहा, चक्कर खोटी.” मगनभाईंनी लिहिलं : ‘सदर चक्कर घरकाम टाळण्यासाठी केलेली लबाडी आहे. पेशंट उंचावर चढण्यास पूर्णपणे योग्य.’ खाली सही केली आणि शिक्का असा मारला की टेबल हललं.

सोमवारी मुंबईच्या डॉक्टरांनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी शालिग्रामला गोल खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं, सरळ रेषेत चालवलं आणि ‘फिट’ असं लिहून दिलं. “घरी मी कंबरदुखी सांगतो,” ते दार लावून घेत म्हणाले. “फक्त कुठे लिहू दिलेली नाही.”

शालिग्राम सर्टिफिकेट नाचवत घरी आला. माळ्याखाली शिडी लावलेली होती.

“फिट ना?” तारानं विचारलं.

“एकदम फिट!”

“मग चढा.”

शालिग्राम चढला. माळ्यावर धूळ, कोळिष्टकं आणि लग्नातली सगळी पितळी भांडी. शिडी कुरकुरत होती. त्यानं सहज खाली पाहिलं, तर कलाबाई एका हातानं शिडी धरून दुसरा हात नाचवत शेजारच्या मालतीबाईंना ‘हाऊच तो’ म्हणून दाखवत होत्या. शिडी डुलली आणि देवाशप्पथ सांगतो, शालिग्रामला गरगरलं. अगदी खरंखुरं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

“काय हो, काय झालं?” खालून तारानं विचारलं.

एक शब्द बोलला असता, तर मगनभाईंकडच्या त्याच्या नव्या कार्डावर पुढची ओळ तीच लागली असती. त्यानं डोळे गच्च मिटले आणि शिडीला मिठी मारली.

“काही नाही,” तो म्हणाला, “आधी पातेली देऊ की परात?”