एकही म्हातारा नको

"पोस्टर करून द्याल का?" असे बाईंनी विचारले तेव्हा सर म्हणाले, "न देण्यासारखं त्यात काही नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारामुळे बाईंना कळले, की हा होकार आहे.

दोघेही जन्मभर शिकवत आले होते, त्यामुळे सगळे त्यांना सर आणि बाई म्हणत. सर तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा प्रबंध 'नकार' या विषयावर होता: नकार किती प्रकारचे असतात आणि एकात एक कसे अडकतात. तो आजवर तिघांनी वाचला होता. दोघे परीक्षक, आणि तिसरे स्वतः सर, तेही आपण नेमके काय सिद्ध केले याची शंका आली म्हणून.

बाई शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. त्यांनी हजारभर पोरे पाण्यात ढकलली आणि सगळी वर काढली. आता त्यांच्या मनाने घेतले होते, की साठी उलटलेल्यांना पोहायला शिकवायचे. काठावर नातवंडांचे टॉवेल सांभाळत बसणाऱ्या बायका पाहिल्या की बाईंचा जीव कळवळे. तलावाच्या व्यवस्थापकाने दुपारची वेळ दिली, पण अट घातली. निदान आठ जण जमले पाहिजेत, नाहीतर ती वेळ एका कंपनीच्या लोकांना जाणार. नेहमीचा रंगारी आजारी पडला होता आणि फलकावर पोस्टर उद्या सकाळी लागायला हवे होते.

बाईंच्या कामात आपला कधी काडीचाही उपयोग झाला नाही, हे सरांना मनातून खात असे. (त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते. बादलीत जास्त पाणी असले तरी ते जरा लांबून तांब्या बुडवत.) म्हणून या वेळी त्यांनी कंबर कसली.

वास्तुविशारद असलेल्या सूनबाईंनी कामावर जाता जाता संगणकावर चित्रे काढणारे यंत्र उघडून दिले.

"बाबा, इथे हवं ते लिहायचं. की झालं चित्र."

"हवं ते म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे… हवं ते."

"आणि नको ते?"

"नको ते कशाला लिहाल?" सूनबाई चपला घालत म्हणाल्या.

सर मनातल्या मनात हसले. नको ते वगळल्याशिवाय हवे ते सिद्ध कसे होणार? वास्तुविशारदांना हे शिकवत नसावेत. म्हणूनच घरांना इतक्या नको तिथे खिडक्या असतात.

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिले: "पट्टीची पोहणारी शिक्षिका सूर मारत आहे. गटांगळ्या खाताना कोणीही दिसू नये."

चित्र आले. एक बाई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली होती. नुकतीच अपघात विभागातून सुटून थेट तलावावर आली असावी. तिच्या हातात काठी होती आणि हवेत तरंगणाऱ्या संगीताच्या चिन्हांना ती त्या काठीने झोडपत होती. पलीकडे पाण्यातच एक टेबल मांडलेले, त्याभोवती चार आजीबाई बसलेल्या, आणि त्या चमच्याने काहीतरी राखाडी, गोल, बुळबुळीत खात होत्या.

त्याच गटांगळ्या असाव्यात. सरांनी त्या पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी चित्र मोठे करून त्या नीट पाहून घेतल्या.

चूक आपलीच, हे त्यांनी लगेच मान्य केले. (ते नेहमीच लगेच मान्य करत; चूक कोणती हे ते मागाहून ठरवत.) भाषा अलंकारिक झाली होती. आता त्यांनी साधे लिहिले: तलाव, आनंदी वयस्कर स्त्रिया, उथळ पाणी. इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण सरांच्या मनात तलाव आला की त्यापाठोपाठ एक म्हातारा यायचाच. कोपऱ्यात कठडा धरून उभा, थरथरणारा. तो कोण हे सरांना चांगलेच ठाऊक होते. तो चुकून चित्रात शिरायला नको, म्हणून त्यांनी खबरदारीचे एक वाक्य जोडले: "कठडा धरून थरथरणारा, चष्मा लावलेला, घाबरट म्हातारा मुळीच दिसू नये."

स्त्रिया आल्या, तलाव आला, आणि कोपऱ्यात कठडा धरून, चष्मा लावून, पाण्यात स्वेटर घालून तो म्हाताराही आला.

"म्हातारा काढून टाकावा," सरांनी लिहिले.

आता म्हातारे दोन झाले. दुसरा पहिल्याला तंगडी धरून बाहेर काढत होता.

"एकही म्हातारा नको."

तलाव म्हाताऱ्यांनी भरला. पाणी दिसेना. काठावर रांग लागलेली, आणि मागे दारातून आणखी येतच होते. सगळ्यांना तोच चष्मा.

सरांना घाम फुटला. आता शास्त्राचीच मदत घ्यायला हवी होती. त्यांनी सावकाश टंकले: "म्हाताऱ्यांचा संपूर्ण अभाव."

म्हातारे गेले. पाणीही गेले. कोरड्याठाक तळावर एकच म्हातारा उरला, अत्यंत अभावग्रस्त.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा सर खुर्चीत तसेच बसले होते. बाईंनी एकेक चित्र पाहिले, मग एकेक वाक्य वाचले, आणि कप खाली ठेवून त्या पदरात तोंड घालून हसू लागल्या. हसता हसता त्यांनी सरांचा खांदा धरला, नाहीतर त्या पडल्या असत्या.

"हसण्यासारखं काही नाही असं मी म्हणत नाही," सर म्हणाले.

"अहो, शाळेत पहिल्याच वर्षी शिकले मी. काठावर 'पळू नका' म्हटलं की पोरं पळतात. 'चाला' म्हणायचं. व्हा बाजूला."

बाईंनी दोन बोटांनी टंकले: "निळं पाणी. पाच आज्या पोहतात. हसतात. ऊन." आणि पाच आज्या निळ्या पाण्यात, उन्हात, हसत पोहू लागल्या.

"कसं आहे?"

"नाव ठेवायला जागा नाही," सर म्हणाले. बाई खूश झाल्या. एवढी स्तुती लग्नानंतर दुसऱ्यांदाच होत होती.

उरले फक्त चित्र व्यवस्थापकाला पाठवणे. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ते काम सरांवर सोपवून गेल्या. सरांनी पाच आज्यांचे चित्र जोडले. मग त्यांना वाटले, चांगले चित्र नुसते पाठवले तर ते चांगले कशावरून? तुलनेला काहीतरी हवे. म्हणून त्यांनी त्याच्या आधी स्वेटरवाल्या म्हाताऱ्याचेही चित्र जोडले.

थोड्याच वेळात व्यवस्थापकाचा निरोप आला: "सर, दोन आलीत. पहिलं लावू ना?"

सरांनी विचार करून, एकदा खोडून, पुन्हा लिहून, उत्तर पाठवले: "पहिले नाकारण्याचे कारण दिसत नाही, असे मी म्हणणार नाही."

"ओके सर," व्यवस्थापकाने लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा तलावावरून फोन आला. "अहो, जरा इकडे या." आवाजावरून काही कळत नव्हते, म्हणून सर जास्तच घाबरले.

तलावाच्या दारात गर्दी होती. फलकावर दाराएवढे पोस्टर लागले होते: साठी उलटलेल्यांसाठी पोहण्याचा वर्ग. खाली कोपऱ्यात कठडा धरून, पाण्यात स्वेटर घालून, म्हातारा थरथरत होता. सरांना वाटले, संपले सगळे. बाईंचा वर्ग बुडाला, आणि तो आपण बुडवला.

"मी याला नको म्हटलं होतं," ते व्यवस्थापकाला कसेबसे म्हणाले.

व्यवस्थापकाने फोन काढून सरांपुढे धरला. "हे बघा तुमचंच वाक्य. काल मी वाचलं, बायकोनं वाचलं, आमच्या मेहुण्यानं वाचलं. तो वकील आहे. तो म्हणाला, लाव पहिलंच, वाद झाला तर आपण जिंकू."

"नाकारण्याचं कारण दिसत नाही, असं म्हणणार नाही. म्हणजे कारण दिसतं. म्हणजे—"

"सर," व्यवस्थापक हळूच म्हणाला, "राहू द्या. आठ नावं झालीत."

सरांनी वळून पाहिले. गर्दी हसत होती खरी, पण कोणी जात नव्हते. बेकरीवाल्या मावशी पोस्टरसमोर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"जन्मात पाण्यात पाय घातला नाही मी," त्या सांगत होत्या. "भीतीच वाटते. पण या आजोबांचं तोंड बघितलं आणि म्हटलं, अगं, याच्यापेक्षा तर आपण बऱ्या."

"मी नाव घातलं ते यांच्याच भरवशावर," बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरबाई म्हणाल्या. "सगळ्यात मागे कोण राहणार, हे पक्कं असलं की माणूस निवांत शिकतो."

"पण आजोबा येणार ना नक्की?" मावशींनी विचारले. "ते नसतील तर माझं नाव काढा."

"माझंही," कॅशियरबाई म्हणाल्या. मागून आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या.

आठ नावांची आठ नावे तिथेच डळमळू लागली. बाईंनी फक्त सरांकडे पाहिले. त्या नजरेत आग्रह नव्हता. असता तर सरांना नाही म्हणता आले असते.

"मी येणारच नाही असं काही नाही," सर म्हणाले, "पण येण्यास हरकत नाही असं म्हणणंही—"

"हो की नाही?" बाईंनी विचारले.

सरांनी चष्मा सारखा केला. "हो."

हा शब्द बाई त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होत्या. लग्नाच्या वेळीसुद्धा ते "माझा विरोध नाही" असे म्हणाले होते.

वर्गाच्या पहिल्या दुपारी सर उथळ पाण्यात उतरले. पाणी जेमतेम कमरेला लागत होते, पण त्यांनी दोन्ही हातांनी कठडा असा पकडला, की कठडाच हलू लागला. दात वाजत होते. चष्म्यावर वाफ धरली होती. सगळ्या जणी काठावर रांगेत उभ्या राहून त्यांच्याकडे पाहत होत्या. कॅशियरबाईंनी एकदा दारातल्या पोस्टरकडे पाहिले, एकदा सरांकडे, आणि मग पुन्हा पोस्टरकडे.

"बाई, ही शुद्ध फसवणूक आहे," त्या म्हणाल्या. "चित्रातले आजोबा एवढे घाबरलेले नव्हते."