मधूभाऊ आणि चार दांड्या

आगरदांड्याच्या जेट्टीला दिघीची फेरीबोट लागली, की बाकीची माणसं समुद्राकडे बघतात किंवा मोबाइल उंच धरून स्वतःकडे बघतात. मधूभाऊ गाड्यांच्या पोटाकडे बघतात. तेही उभ्यानं नाही, खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरून, कुशीवर आडवं होऊन. बोटीचा लोखंडी उतार भरतीओहोटीबरोबर वरखाली होतो. त्यावर चढताना गाडीचं एक चाक आधी उचललं जातं आणि दुसरं मागं लोंबकळतं. ते त्यांना बघायचं असतं.

एकदा पुण्याच्या गाडीतल्या बाई घाबरून खाली उतरल्या. "आजोबा, चक्कर आली का तुम्हाला?"

"मला नाही. तुमच्या डाव्या चाकाला आलीय."

हे माझे शेजारी. त्यांची सुपारीची वाडी आणि माझी, मध्ये फक्त एक दगडी गडगा. हायस्कुलात चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले. नोकरीभर मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या जुन्या जीपचे पाटे काढून टाकले. पाटे म्हणजे गाडीच्या बुडाखालचे पोलादी पट्ट्यांचे थर, ज्यांच्यावर सगळा भार असतो. गाडी धावते ती त्यांच्या जिवावर, असं निदान मी तरी समजत होतो.

"कोण म्हणतं?" मधूभाऊ कडाडले. हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तराची त्यांना गरज नसते. "पाटे म्हणजे हट्टी म्हातारे, शेजारी! एक चाक वर गेलं की दुसरं रुसून बसतं. चाकाला स्वातंत्र्य द्या!"

ते स्वातंत्र्य असं होतं: पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा, आणि मागचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आस, धरायला चार लोखंडी दांड्या. खालच्या दोन सरळ, त्या अॅक्सलला पुढंमागं जाऊ देत नाहीत. वरच्या दोन तिरक्या, त्या त्याला बाजूला सरकू देत नाहीत. प्रत्येक दांडीच्या टोकाला रबर, म्हणजे चाक हवं तितकं वर जावं, हवं तितकं खाली यावं. हे सगळं त्यांनी अंगणात खडूनं खऱ्या मापात काढलं होतं. मी ओल्या पायांनी चहाला गेलो आणि अख्खा मागचा अॅक्सल पुसून आलो.

"बसा," मधूभाऊ शांतपणे म्हणाले. "पण आता पाय वर घेऊन बसा."

हा उद्योग सुरू झाला तो अक्कांमुळे. अक्का म्हणजे मधूभाऊंच्या थोरल्या बहीण. यजमान लवकर गेले, तेव्हा त्या माहेरी आल्या आणि गावामागच्या कातळावर एकटीनं काजूची बाग उभी केली. कातळावर माती नाही म्हणून डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. कातळावर जाणारी दगडी चढण, म्हणजे घाटी, रोज चढायच्या, रोज उतरायच्या. गेल्या साली न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला. आता वॉकर धरून पडवीपर्यंत येतात आणि तिथून मान वर करून कातळाकडे बघत बसतात.

पनवेलचा भाचा फोनवर सांगायचा, "आत्या, वर जाता येत नाही तर ठेवायची कशाला? गिऱ्हाईक आहे, विकून टाकू."

"माझी झाडं मी डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन," अक्का म्हणायच्या. पण बघणार कशा? घाटी म्हणजे नुसते दगड. पाट्यांच्या गाडीनं धडधाकट माणसाचे दात वाजतात, मग जोडलेल्या खुब्याचं काय? गावातल्या पोरांनी भल्या मनानं सुचवलं, "आक्का, खुर्चीत बसा. आमी चौघं खांद्यावर घेतो नि नेतो वर."

अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दोघं अंगणाबाहेर गेले. "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे, आणि तेव्हा बसलेली नसेन. तोवर बसून जाईन, नाहीतर जाणारच नाही."

दुसऱ्या दिवशी मधूभाऊंनी पाटे काढले.

"अक्कांसाठी का हो?" मी विचारलं.

"छे! अक्का हे फक्त वजन आहे. मला प्रयोग करायचाय."

त्या प्रयोगात टेपचं एक टोक धरण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं यंत्रज्ञान कुकरच्या शिट्टीपाशी संपतं, पण टेप धरायला काय लागतं, असं मला वाटलं. माप दांडीच्या टोकाला बोल्टासाठी असलेल्या भोकाच्या मध्यापासून घ्यायचं होतं, मी भोकाच्या कडेपासून धरलं. तेही एकाच दांडीला. बाकीच्या तिन्हींना बरोबर धरलं, हे मी आजही सांगत असतो. कोणी ऐकत नाही.

गाडी सुरू झाली. मधूभाऊंनी स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी तोंड विहिरीकडे करून गोठ्याकडे निघाली. खेकडा चालतो तशी. कुंपणाला टेकून उभी असलेली मंडळी हसून हसून खाली बसली.

"भाऊ, ही न्हाय चढायची घाटी! आडवी जाईल नि श्रीवर्धनला निघंल!"

"कोण म्हणतं? त्याला घेऊन या! मागे हौद्यात बसवू!"

दांड्या जोडून देणारे जेट्टीवरचे इस्माईलचाचा. बोटींचं वेल्डिंग करतात. त्यांनी आखूड दांडी हातात फिरवून विचारलं, "हे माप कोणी दिलं?"

"शेजाऱ्यांनी."

"अल्ला रहम करे," चाचा म्हणाले, आणि नवी दांडी करायला घेतली.

त्यानंतर मला बढती मिळाली. मी अक्का झालो. मधूभाऊ मला पुढच्या सीटवर बसवायचे, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचे आणि वाडीतल्या दगडांवरून गाडी न्यायचे. मी भिजलो, की दांड्यांचा कोन बदलायचा. पहिले काही दिवस मी आंघोळ घरी करायचीच सोडून दिली. मध्येच गाडी थांबवून ते विचारायचे, "आत्ता अक्का ओरडली असती का?"

"मी ओरडलो ना!"

"तुमचं सोडा. तुम्ही तांब्याशिवायही ओरडता."

गाडी डांबराला चाक लावणार नाही, असा मधूभाऊंनी आरटीओशी परस्पर करार केला होता. आरटीओला त्याची कल्पना नव्हती. पण घाटी त्यांच्या वाडीच्या मागूनच सुरू होते, त्यामुळे करार मोडायची वेळ आली नाही.

शेवटी एका सकाळी तांब्यातलं पाणी तांब्यातच राहिलं. मधूभाऊंनी पडवीत जाऊन आवाज दिला, "अक्का, चल. वजन पाहिजे."

अक्का चांगलं नऊवारी नेसून आल्या. सीटवर दोन उशा होत्या. मी मागे हौद्यात, दोरीला धरून. घाटीच्या मध्यावर कातळाची एक आडवी पायरी आहे, माणूससुद्धा तिथं हात टेकतो. तिच्याखाली गाडी थांबली. मधूभाऊंच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. कुंपणावरची मंडळी मागोमाग आली होती, पण आता कोणी हसत नव्हतं.

गाडी हळूच सरकली. डावं चाक पायरीवर चढलं, उजवं खाली खड्ड्यात उतरलं, अॅक्सल पार तिरका झाला, आणि हौदा मात्र पाळण्यासारखा किंचित झुकला नि सावरला. हे मंडळींनी नंतर सांगितलं; माझे डोळे मिटलेले होते, पण दात वाजले नाहीत.

"मधू," अक्का विचारत होत्या, "खाली काय लावलंयस रे?"

"चार दांड्या."

"म्हणजे शेवटी चौघांच्याच खांद्यावर आणलंस की मला, मेल्या!"

"बसून आणलंय!" मधूभाऊ ओरडले. "बसून!"

वर काजू लाल-पिवळ्या बोंडांनी लगडले होते. खाली बोंडांचा सडा पडून आंबूस वास सुटला होता. गाडी थेट झाडाखाली गेली. अक्कांनी बसल्या जागेवरून हात लांब करून फांदी धरली, पानं उलटसुलट करून बघितली. मग मला फोन लावायला सांगितला.

"विकायची नाही," त्या भाच्याला म्हणाल्या. "का म्हणजे? मला गाडी आहे."

मधूभाऊ एव्हाना पंचा अंथरून गाडीखाली गेले होते. बाहेर फक्त दोन पाय.

बराच वेळ फांदीशी बोलून झाल्यावर अक्कांनी खाली बघत विचारलं, "झाला ना रे तुझा प्रयोग? आता काही परत यायला नको तुला."

बाहेर दिसणारे पाय आत ओढले गेले. मग गाडीखालून आवाज आला. "झाला कुठे? डावी दांडी वाजतेय अजून. पुढच्या आठवड्यात परत बघावं लागेल. त्याच्या पुढच्याही."

मी हौद्यात बसून आलो होतो, त्या दांडीच्या बरोबर वर. सगळ्या वाटेत तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

"मग वजन लागेल," अक्का म्हणाल्या.

"लागेलच."

"माप पुन्हा घ्यायचं असेल," मी म्हणालो, "तर टेप मी धरतो."

"नको!" दोघं एकदम म्हणाले.