पणजीच्या यंत्रास गाऱ्हाणे

डिचोलीच्या आमच्या कचेरीतील वामनबाब संगणकास हात लावण्यापूर्वी चपला काढीत, नारळाऐवजी कळफलकावर हात ठेवीत आणि देवळात देवाला घालतात तसे गाऱ्हाणे घालीत: "बा पणजीच्या यंत्रा, आजची फाइल पदरात घे! वाटेत तारेत कोणी आडवा आल्यास त्यास दूर कर!" आम्ही सर्वांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. मीही म्हणे, कारण व्हरांड्यात बसून मी लोकांचे जे अर्ज लिहितो, तेही अखेर देवाच्याच भरवशावर जातात.

यंत्र जुनाट होते. रोज टेलिफोनच्या तारेवरून पणजीच्या यंत्राशी जोडून घ्यायचे, नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा, मग फाइल जायची. शब्द तीनदा चुकला, की पणजीचे दार बंद. वामनबाबांचा तो रोज चुके. सबब, फोन करून दार उघडवून घेणे भाग पडे.

पणजीस त्या कामावर त्यांचाच धाकटा भाऊ श्रीपाद होता. गोव्याची राजभाषा कोणती, या आंदोलनात हे मराठीचे, तो कोंकणीचा. तेव्हापासून एका आईच्या पोटचे हे दोघे बोलत नव्हते. फोनवर बोलत, ते केवळ सरकारी.

"खाते बंद पडले आहे. कृपया उघडावे." हे वामनबाब, छापील मराठीत.

"उगडलां." हा श्रीपाद, कोंकणीत.

संभाषण समाप्त.

एकदा मला कळफलकावर मोठ्या अक्षरांचा दिवा जळताना दिसला. मी अधिकारवाणीने म्हणालो, "वामनबाब, तो दिवा विझवा! अक्षरे मोठी पडतात, म्हणून शब्द चुकतो."

"म्हाका दिसता," ते पुटपुटले. "तू तुजे अर्ज बरय."

दिवा त्यांना दिसत होता, आणि मी आपले अर्ज लिहायचे होते; तो सल्ला मी पुन्हा दिला नाही.

पुढे नवे यंत्र आले. परवलीचा शब्द त्यात एकदाच भरून ठेवलेला. चुकण्याची सोयच उरली नाही. पहिल्या दिवशी फाइल आपोआप गेली. कचेरीने टाळ्या वाजवल्या. वामनबाब मात्र चपला घालूनच खुर्चीत बसून राहिले. गाऱ्हाणे कसले घालणार?

इतक्यात फोन वाजला. मी उचलला.

"दादा आहेत का? फाइल पोचली का, विचारायचे होते."

श्रीपाद! आणि मराठीत! फाइल तर केव्हाच त्याच्या यंत्रात जाऊन पडली होती.

मी फोन वामनबाबांच्या हाती दिला. त्यांनी ऐकले, घसा खाकरला.

"राव रे, पळोवन सांगतां," ते कोंकणीत म्हणाले; थांब, पाहून सांगतो. आणि फोन कानाशी घट्ट धरून, यंत्राकडे पाठ फिरवून, निवांत बसले.