कारंजा मंडळी : सभासद दोन

नागपूरच्या प्रॉटेस्टंट पाद्री साहेबांना पाठवायच्या कागदावर प्रेमदास कंपाउंडरने 'कारंजा मंडळी : सभासद दोन' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. दुसरी सभासद म्हणजे शेजारच्या आनंदाबाई नर्स. त्या पक्क्या कॅथलिक होत्या, एवढी एक गोष्ट कागदावर लिहायची राहिली.

खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण बायको, गुलाब, जाऊन तीन वर्षं झाली होती, कारंज्यात ख्रिस्ती माणसं दोनच, आणि एका माणसासाठी पाद्री येत नसत. त्यात त्याची अडचण आणखीच अवघड होती. मंडळी, म्हणजे चर्च, ही इमारत नव्हे, बिशप नव्हे. दोघं-तिघं विश्वासाने एकत्र बसले की तीच खरी मंडळी, हे तो जन्मभर सांगत आला होता. गुलाब होती तोवर ते जमत होतं. आता रविवारी तो एकटाच गायचा, एकटाच आमेन म्हणायचा. त्याच्याच मताप्रमाणे त्या घरात मंडळी नव्हती, नुसता प्रेमदास होता.

आनंदाबाईंची बाजू भक्कम होती. त्यांना मठातल्या सिस्टरांनी वाढवलं होतं. पेत्रापासून पोपपर्यंत अखंड चालत आलेली ख्रिस्तसभा एकच, आणि तिच्यात माणूस एकटा असला तरी एकटा नसतो, असं त्या ठासून सांगत. सांगताना मात्र प्रेमदास निघून घरात तर जात नाही ना, यावर त्यांचं लक्ष असे. रोज संध्याकाळी दोन अंगणांमधल्या कुडाच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून दोघं खऱ्या मंडळीवर भांडत.

"पोपाले आपलं कारंजा माहीत तरी हाय का?" तो विचारी.

"त्याईले नसन माहीत. मले ते माहीत हायेत नं," त्या म्हणत.

पाद्री साहेबांचं उत्तर आलं. बाजाराच्या दिवशी येतो, त्या दिवशी परतीला जादा मोटार असते. प्रेमदासचे धाबे दणाणले. आनंदाबाईंना तासभर येऊन बसायची विनंती करावी म्हणून तो कुडाशी गेला, तर त्याच आधी बोलल्या, "बाजाराच्या दिवशी घरीच राह्यजा जी. थोडं काम हाय तुमच्याजवळ." आपलंही काम आहे, असं तो पुटपुटला. कोणतं काम, हे दोघांनीही विचारलं नाही आणि दोघंही आपापलं अंगण झाडायला लागले.

बाजाराच्या दिवशी मोटारीतून पाद्री साहेब उतरले आणि त्यांच्यामागून पांढऱ्या झग्यातले फादर. दोघंही बंडूजीच्या चहाच्या दुकानात शिरले. पाद्री साहेबांनी आनंदाबाईंचं घर विचारलं, फादरांनी प्रेमदासचं.

बंडूजी गोंधळला. "तुमचे माणसं किती जी इथं?"

"दोन," पाद्री साहेब म्हणाले.

"दोन," फादर म्हणाले.

बंडूजीने चहा गाळता गाळता हात थांबवला. "मंग गावात चार किरिस्ताव पाह्यजे होते. आमच्याजवळ तर दोनच हायेत."

कुडाशी सगळा उलगडा झाला. प्रेमदासचा कागद पाद्री साहेबांच्या हातात होता, आनंदाबाईंचं पत्र फादरांच्या. त्यात लिहिलं होतं, प्रेमदास रोज संध्याकाळी धर्मशिक्षण घेतो, लवकरच सभेत येईल. प्रेमदासने आनंदाबाईंकडे पाहिलं. त्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत होत्या. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्या नावाशेजारी त्याचं नाव लिहिलं होतं.

धर्मगुरूंची मात्र एकमेकांशी जुंपली. खरी मंडळी कोणती, यावर प्रेमदासच्या एकुलत्या एका खाटेवर बसून ते मोटारीची वेळ होईपर्यंत वाद घालत राहिले. जाताना दोघांनी एकेक नाव खोडलं आणि एका माणसासाठी येणं होणार नाही, असं वाईट वाटून सांगितलं. दुसऱ्यांच्या प्रार्थनेत बसायचं नाही, अशी ताकीद फादरांनी आनंदाबाईंना दिली. मग दोघं एकाच बाकावर बसून, वाद घालतच, नागपूरला गेले.

कुडाशी चार दिवस कोणी आलं नाही. ते चार दिवस प्रेमदासला तीन वर्षांपेक्षा जड गेले.

रविवारी त्याने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि तसंच मांडीवर ठेवलं. कोणासाठी वाचायचं? इतक्यात ओट्यावर सूप टेकल्याचा आवाज झाला. आनंदाबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. समोर अंबाडीची जुडी.

"मी प्रार्थनेले नाई आली," त्या म्हणाल्या. "फादरनं मना केली हाय. मी भाजी निवडून राह्यली."

"तुमच्या घरी नाई निवडता येत?"

"तिथं उजेड कमी हाय."

दोन्ही घरांची दारं पूर्वेलाच होती. प्रेमदासने घसा साफ केला आणि वाचायला लागला, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. ओट्याकडे पाहण्याच्या नादात मध्ये कुठेतरी नजर घसरली.

"एक ओळ सुटली," ओट्यावरून आवाज आला.

त्याने मागे जाऊन ती ओळ वाचली. पुढच्या रविवारी त्याने तीन सोडल्या.