मागच्या चक्रीचे दात

त्या पावसाळ्यात हुसेनमामांच्या घरात खुंटीला टोपी किंवा छत्री कधी दिसली नाही. प्रत्येक खुंटीला मोटारसायकलची एकेक दातेरी चक्री टांगलेली. आल्यागेल्याला आधी चक्रीचे दात मोजायला लावायचे आणि मग चहा.

मामा वडगाव रासाईत आमचे शेजारी. भीमेवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. नदीवरून वर येताना चिखलाचा उभा चढ लागे. तिथं त्यांच्या जुन्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं. मामा गुडघाभर चिखलाने घरी येत आणि पाय धुवायच्या आधी चक्री बदलायला बसत. "मागचं दात कमी केलं की जोर दमानं लागतो, म्हंजी चाक जमीन धरतं," हे त्यांनी आळीतल्या शेळ्यांनाही सांगितलं असेल. मागचे दोन दात कमी कर, पुढचा एक वाढव, पुन्हा घसर. अख्खा पावसाळा यात गेला. आम्ही नुसते हसत होतो. त्याच चढावरून मामा इतकी वर्षं मुकाट गाडी काढत होते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका रविवारी मोटार उचलायला हात हवा म्हणून त्यांनी मला नेलं. परतताना पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसलो. गाडी एका दमात वर आली. मी म्हणालो, जमलं की मामा, दात बरोबर बसले.

मामांनी गाडी बंद केली. "दाताचं न्हाई रं. मागं वजन हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मागे बसून ती पिशवी मामी धरायच्या. मुलगा-सून सणसवाडीला कंपनीत लागले आणि नातवाला सांभाळायला मामी उन्हाळ्यात तिकडं भाड्याच्या खोलीत गेल्या. मीही तिथंच कामाला. दर सोमवारी मामा माझ्याबरोबर मेथीची जुडी आणि एकच निरोप धाडायचे: हिकडं सगळं बेस हाय, काळजी करू नको.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, वाळूचं पोतं बांधा की मागं.

"बांधलं व्हतं," मामा म्हणाले. "पोतं बोलत न्हाई."



दुसऱ्या दिवशी जुडी हातात देऊन मामा घुटमळले. नेहमीचा निरोप मीच म्हणून दाखवला.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला सांग, आवंदा गाडी चढ चढत न्हाई."